बाईंची बदली

त्या गावात ‘बाई’ म्हटलं की एकच बाई. बाकीच्या बायकांना नावं होती, आडनावं होती. यांना नुसतं बाई. भाजीवाला बाई म्हणायचा, पोस्टमन बाई म्हणायचा, आणि ज्यांची नाकं बाईंनी एकेकाळी पुसली होती ते मिशीवाले बाप्येसुद्धा सायकलवरून उतरून “काय बाई, बरं आहे ना?” असं विचारायचे. पोटचा मुलगाही लहानपणी त्यांच्याच वर्गात बसलेला, त्यामुळे तो कितीतरी दिवस घरीसुद्धा “बाई, भूक लागली” म्हणायचा. यजमानांनी ते मुद्दाम चालू ठेवलं होतं. फोन उचलला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, “बोला बाई.”

बाई नगरपालिकेच्या खालच्या बालवाडीत होत्या. गाव उतारावरचं. वर कचेऱ्या, दवाखाना, बँक. खाली सूतगिरणी, वेल्डिंगची शेडं, लाकडाची वखार, बेकरी आणि तिथं राबणाऱ्यांची घरं. सरकारी बालवाड्या म्हणाल तर दोन आणि एक अर्धी. वरची बालवाडी पालिकेच्या इमारतीमागे, रंगीत घसरगुंडीवाली. पण ती उघडायची कचेरीच्या वेळेला आणि जेवणाच्या आधी बंद व्हायची. गिरणीत पहिल्या पाळीला जाणाऱ्या आईनं तोवर पोराला कुठे ठेवायचं, खिशात? शिवाय तिथं पोर घेताना आधी विचारत, स्वतःहून बाथरूमला जातं का, रडत नाही ना, खोकला नाही ना. न रडणारं आणि न खोकणारं पोर सापडलं तर त्याला बालवाडीत कशाला घालायचं, म्युझियममध्ये ठेवावं, असं खालचे लोक म्हणत. अर्धी म्हणजे प्राथमिक शाळेला जोडलेला शिशुवर्ग. तिथं पाच वर्षं पुरी झालेलीच मुलं घेत.

उरली खालची. पाण्याच्या जुन्या टाकीला चिकटून दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे हातभर अंगण. बाईंना पहिल्यांदा तिथं पाठवलं तेव्हा साहेब म्हणाले होते, “वर्षभर काढा, मग बघू.” बाई तेव्हा नुकतंच लग्न झालेल्या नवऱ्याला बंदराच्या गावी सोडून आल्या होत्या. यजमान तिथं जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. वर्षभराचाच प्रश्न होता. मग मुलगा झाला, मोठा झाला, शिकला, दूरदेशी नोकरीला लागला, आणि बाई त्याच दोन खोल्यांत होत्या. यजमान महिन्यातून एकदा बसनं यायचे, सुट्टीत बाई तिकडे जायच्या. संसार असा एस.टी.च्या वेळापत्रकावर चाललेला.

वाईट होतं का? तसं म्हणवत नव्हतं. बाईंच्या हाताला गुण होता. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी त्या दार उघडून उंबऱ्यात उकिडव्या बसायच्या, म्हणजे येणाऱ्या पोराचं तोंड त्यांच्या तोंडासमोर येई. रडणाऱ्याच्या हातात त्याच्या आईची एखादी वस्तू ठेवायची त्यांची रीत होती, रुमाल, हातमोजा, अगदी डब्याचं झाकणसुद्धा. एका पोरानं महिनाभर आईची एक चप्पल कवटाळून ठेवली होती आणि ती आई तेवढे दिवस दोन वेगवेगळ्या चपला घालून गिरणीत गेली. कुणी हसलं नाही. वाळूचा ट्रे, मण्यांच्या माळा, बुटक्या नळाखाली हात धुणं, दुपारी सतरंज्यांवर झोप. मदतीला मावशी होत्या, बाईंच्याच वयाच्या, तोंडानं फटकळ. मावशी ओरडायच्या आणि बाई समजावायच्या, अशी कामाची वाटणी होती.

मग पालिकेनं बालवाड्यांना चांदण्या द्यायला सुरुवात केली. दरवर्षी तपासणी व्हायची आणि पेंटर येऊन दारावर चांदण्या रंगवून जायचा. खालच्या बालवाडीच्या दारावर पाच चांदण्या आल्या, वरच्या बालवाडीवर दोन. पुढच्या वर्षीही तेच. खालचे लोक येताजाता त्या पाच चांदण्यांकडे असे बघत, जणू त्या त्यांच्याच घराच्या दारावर आहेत. वरचे लोकही मुलांना गाडीतून खाली सोडायला लागले. आणि बाईंच्या गळ्याभोवती फास आवळत गेला तो इथून.

कारण बाईंनी बदलीसाठी अर्ज केला की साहेब दाराकडे बोट दाखवल्यासारखं करून म्हणायचे, “अहो बाई, पाच चांदण्या! तुम्ही गेलात तर ही बालवाडी बघणार कोण?”

“दुसरं कुणी तयार होईल की साहेब. मीही आले तेव्हा मला काय येत होतं?”

“तुमचं बोलणं विनयाचं आहे. पण मी हा धोका कसा पत्करू?”

साहेब बदलायचे, हे उत्तर बदलायचं नाही. साहेबांच्या मात्र बदल्या भराभर होत.

यजमान निवृत्त झाले तेव्हा बाईंना वाटलं, आता ते इकडे येतील. पण बंदराच्या गावी त्यांनी छोटंसं घर बांधलं होतं. मागे वाफे, पुढे बाक, संध्याकाळी पत्ते खेळायला कारखान्यातले जुने सोबती. “तूच ये ना,” ते म्हणायचे. “मी इथं सगळं लावून ठेवलंय. तुला फक्त येऊन बसायचंय.” बाईंनाही तेच हवं होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना झोपवलं, आता स्वतः दुपारी झोपायचं होतं.

मग एक दिवस तिकडच्या शेजाऱ्यांचा फोन आला. यजमान बागेच्या फाटकाला धडकून पडले होते. लागलं फारसं नव्हतं, पण शेजारी म्हणाले, “वहिनी, त्यांना बाजूचं दिसत नाही. बरेच दिवस झाले. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते.” बाई धावत गेल्या. डॉक्टरांनी दिवा मारून डोळे तपासले आणि सांगितलं की नजर कडेकडेनं बुजत चालली आहे, ती परत येणार नाही. औषधानं फार तर वेग कमी होईल. निघताना डॉक्टर म्हणाले, “यांना ओळखीच्या जागेतच राहू द्या. जिथं पायांना वाट माहीत आहे तिथं माणूस पुष्कळ वर्षं स्वतःचं स्वतः करतो. नवीन जागी मात्र एका दिवसात आंधळा होतो.”

परतीच्या बसमध्ये बाईंनी ठरवलं, या वेळी अर्ज देऊन गप्प बसायचं नाही. नोकरी सोडायचा विचारही मनात आला, पण पेन्शन पदरात पडायला थोडीच वर्षं उरली होती, आणि यजमानांच्या औषधपाण्याची सगळी भिस्त तिच्यावर होती.

नशिबानं साहेब नवे होते, तरुण, स्वतःच्या आईच्या दुखण्यानं पोळलेले. त्यांनी अर्ज वाचला, बाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, “जा तुम्ही. बंदराच्या गावी बालवाडीत जागा आहे. मी वरती पाठवतो, होऊन जाईल.” इतकी वर्षं दार ढकलत राहावं आणि एक दिवस ते ओढायचं होतं असं कळावं, तशी बाईंची गत झाली.

त्या रात्री फोनवर यजमान म्हणाले, “मग बाई, पडदे कुठल्या रंगाचे लावू? मला आता गडद रंग बरे दिसतात.”

बाईंनी गावात कुणाला सांगितलं नाही. फक्त मावशींना सांगितलं, आणि तिथंच चुकलं. मावशींनी कुणालाही न सांगण्याच्या बोलीवर बेकरीवालीला सांगितलं.

बेकरीवाली ही बाईंची जुनी विद्यार्थिनी. लहानपणी दोन वेण्या घालून यायची आणि वाळू खायची. आता तिची धाकटी मुलगी बाईंकडे होती. स्वभावानं दिलदार, आवाज पहाडी, आणि कुठलंही काम हातात घेतलं की तडीस नेणारी. तिनं गिरणीतल्या बायका गोळा केल्या, वेल्डरची बायको घेतली, वखारीतल्या दोघीतिघी घेतल्या, आणि सगळ्या जणी पोरं काखोटीला मारून पालिकेत जाऊन बसल्या. साहेबांच्या दालनात पोरांनी जे करायचं ते केलं. एकानं शाई सांडली, एकीनं झाडाच्या कुंडीत उलटी केली. नगराध्यक्ष स्वतः बाहेर आले. निवडणूक तोंडावर होती. बेकरीवाली त्यांना म्हणाली, “खालच्या वस्तीला तुम्ही एकच धड गोष्ट दिलीत, तीही काढून घेता?” नगराध्यक्षांनी तिथल्या तिथं हात वर करून जाहीर केलं की बाई कुठंही जाणार नाहीत.

दुपारी त्या सगळ्या जणी वाजतगाजत बालवाडीत आल्या. बाई मुलांना झोपवत होत्या. बेकरीवालीनं पावांची टोपली जमिनीवर ठेवली आणि बाईंचे दोन्ही हात धरले.

“बाई, काळजी करू नका. तुमची बदली आम्ही हाणून पाडली.”

“काय?”

“तुम्हाला हलवत होते ना गुपचूप? तुम्ही सांगितलं नाहीत, पण आम्हाला कळलं. तुमचा स्वभावच तसा, सगळं गिळून बसायचा. पण आम्ही मेलो का? अध्यक्षांकडून शब्द घेतलाय. आता कुणाचा बाप तुम्हाला इथून काढणार नाही.”

बायकांचे डोळे भरून आले होते. वेल्डरची बायको बाईंच्या खांद्यावर डोकं टेकवून मुसमुसली. झोपलेली पोरं जागी होऊन टाळ्या वाजवायला लागली. मागे मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून सतरंज्या झटकत राहिल्या, त्या झटकलेल्याच सतरंज्या.

बाईंना बोलायचं होतं. ‘अगं, तो अर्ज मीच केला होता’ एवढंच वाक्य. पण त्या तोंडांकडे बघून ते बोलवेना. त्यांनी टोपलीतला एक पाव उचलला, मोडला, पोरांना वाटला आणि म्हणाल्या, “कशाला एवढा त्रास घेतलात गं?”

आणि गंमत बघा, बंदराच्या गावची ती जागा रिकामी राहिली नाही. तिथं वरच्या बालवाडीच्या बाई गेल्या. दोन चांदण्यांवरून त्या कधी तिसरीवर गेल्या नाहीत, पालकांच्या तक्रारी सतत, तेव्हा साहेबांनाही त्यांना कुठेतरी घालवायचंच होतं. त्यांना तर तिकडे जायचंही नव्हतं. जाताना खालच्या बाईंना भेटायला आल्या तेव्हा नाक मुरडून म्हणाल्या, “खारा वारा सोसत नाही हो मला.” बाईंनी त्यांना चहा करून दिला.

बोलल्या त्या मावशी. पोरं गेल्यावर पडवीत पाय पसरून बसत त्या म्हणाल्या, “बघितलंत? काम चांगलं करणाऱ्याला दावं, आणि न करणाऱ्याला मोकळं रान. माझी चूक झाली, माझी जीभ हासडून टाका. पण आता माझं ऐका. वाईट काम करा.”

“काहीतरी बोलू नका मावशी.”

“खोटं काय त्यात? चांदण्या गेल्या की तुमची किंमत गेली. किंमत गेली की सुटलात.”

बाईंनी तो विषय तिथंच तोडला. पण विषय डोक्यातून जाईना. त्या आठवड्यात यजमानांनी फोनवर सहज सांगितलं, पत्ते आता बंद केले, सोबत्यांना पुन्हा पुन्हा पानं सांगावी लागतात, बरं दिसत नाही. त्यांनी ते हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं, पण उंबऱ्यात बसल्या नाहीत. खुर्चीत बसल्या.

सांगायला फार काही नाही, कारण बाईंनी वाईट असं काही केलं नाही. त्यांनी फक्त करायचं सोडलं. वाळूचा ट्रे बाहेर काढला नाही. मण्यांचा डबा फळीवर राहिला. कुणी रडलं तर मावशींना हाक मारायची. गोष्ट सांगा म्हणून पोरं मागे लागली की “उद्या” म्हणायचं. पहिले दोनतीन दिवस पोरांनी वाट पाहिली. मग ती चिडखोर झाली, मग दांडगी, आणि मग, जे बाईंना सगळ्यात सोसवेना, ती गप्प झाली. एक दिवस बेकरीवालीची धाकटी मुलगी जाऊन उंबऱ्यात उकिडवी बसली आणि येणाऱ्या पोरांना बाईंसारखंच विचारायला लागली, “झोप झाली का रे राजा? आज काय आणलंस?” बाईंनी मान वळवली. भिंतीवर बघण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या बघत राहिल्या.

मधूनच त्यांना राग यायचा, तो कुणावर तेच समजत नसे. पालकांवर यायचा, साहेबांवर यायचा, एकदा तर यजमानांवर आला, की यांनी डोळे आत्ताच का घालवावेत. मग त्या रागाचीच लाज वाटायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दशा.

एका संध्याकाळी वेल्डर आला. हा कमी बोलणारा माणूस. त्याचा मुलगा उशिरा बोलायला लागला होता, बाईंच्या नादानं चार शब्द जोडायला शिकला होता. वेल्डर टोपी हातात घेऊन पडवीच्या खांबाशी उभा राहिला.

“बाई, आमच्याकडून काही चुकलं का?”

“नाही हो. का?”

“नाही, मुलगा घरी येऊन बसतो नुसता. बायको म्हणाली, बाई रागावल्या असतील. आपल्या लोकांना कळत नाही, काही वेडंवाकडं बोलून गेलो असू तर सांगा. मी माफी मागतो.”

बाईंनी त्याला पाणी दिलं. म्हणाल्या, तब्येत बरी नाही माझी. तो म्हणाला, मग दवाखान्यात चला, मी घेऊन जातो. त्यांनी कसंबसं त्याला वाटेला लावलं. त्यानंतर त्या पुष्कळ दिवसांनी वाळूचा ट्रे बाहेर काढून बसल्या. रिकाम्या अंगणात एकट्याच, हातानं वाळू सारखी करत. उद्यापासून पूर्वीसारखं करायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलंही. पण तपासणी तोंडावर आली होती. एवढं सोसलं ते फुकट घालवायचं? आणखी थोडे दिवस, असं म्हणून त्यांनी ट्रे पुन्हा आत नेला.

तपासणीच्या दिवशी एक पोर ओरखडलं होतं, एक रडत होतं, आणि कुठल्याच प्रश्नाला वेल्डरच्या मुलानं तोंड उघडलं नाही. तपासणाऱ्या मॅडम कुजक्या नव्हत्या. जाताना बाईंचा हात दाबून म्हणाल्या, “थकलात तुम्ही.” पुढच्या आठवड्यात पेंटर आला आणि त्यानं दारावरच्या तीन चांदण्या खरवडून काढल्या.

मावशींनी हळूच विचारलं, “आता जाता ना साहेबांकडे?”

बाई गेल्या. तेच तरुण साहेब. या वेळी त्यांनी अर्ज हातात घेतला नाही.

“बाई, मी तुमच्यासाठी मागे किती भांडलो तुम्हाला ठाऊक आहे. पण आता माझे हात बांधलेत. चांदण्या घसरल्या की त्या बालवाडीतल्या कुणाचीही बदली करायची नाही, असा नियम काढलाय वरून. वरच्या बाईंना हलवलं त्यावरूनच बोंब झाली, की नाकर्त्यांना पाहिजे ती गावं मिळतात. आधी सुधारणा दाखवा. चांदण्या परत आणा, मग बोलू.”

“आणि चांदण्या परत आल्यावर?”

माणूस प्रामाणिक होता. “तेव्हा पुन्हा अध्यक्षांना विचारावं लागेल,” ते म्हणाले.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाई पालिकेच्या पायऱ्या उतरल्या तेव्हा त्यांना रडू आलं नाही, उलट हसू आलं. रस्त्यात भाजीवाल्यानं विचारलं, “काय बाई, खुशीत?” त्यांनी मान डोलावली.

घरी येऊन त्यांनी यजमानांना फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. बायकांचा मोर्चा, वाईट काम, चांदण्या, सगळं.

“पोरांचे हाल केलेस?” यजमान म्हणाले.

“हो.”

“माझ्यासाठी?”

“हो.”

“मग उद्यापासून ते बंद कर. मी येतो तिकडे.”

“अहो, डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना?”

“डॉक्टर म्हणाले ओळखीच्या जागी राहा. इथं भिंती ओळखीच्या आहेत, माणूस कुठाय?” मग थोडं थांबून, नेहमीच्या आवाजात, “बोला बाई, स्टँडवर घ्यायला याल ना?”

ते आले. दोन बॅगा, एक रेडिओ आणि वाफ्यातल्या रोपांच्या चार कुंड्या घेऊन आले. बंदराच्या गावचं घर एका सोबत्याला राहायला दिलं. बाईंचं बिऱ्हाड म्हणजे वखारीच्या वर दोन खोल्या, अरुंद जिना, खाली दिवसभर करवतीचा आवाज. डॉक्टर खरे ठरले. तिकडे एकटे बाजारहाट करणारे यजमान इथं जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबू लागले. सकाळी बाई भोंग्याआधी जायच्या तेव्हा ते खिडकीशी बसलेले असत, संध्याकाळी परत यायच्या तेव्हाही तिथंच. विचारलं की म्हणत, “मजेत. बातम्या ऐकल्या.” रेडिओला कधीकधी हात लागलेलाच नसे.

इकडे बालवाडी सावरली. बाई पुन्हा उंबऱ्यात बसायला लागल्या. पोरं मोठ्या मनाची. बाई परत आल्या म्हटल्यावर ती मधलं सगळं विसरली. वेल्डरचा मुलगा मात्र बराच काळ विसरला नाही. मांडीवर घेतलं की अंग ताठ करायचा. त्याच्यासाठी बाईंना फार खपावं लागलं, आणि तो पुन्हा बोलायला लागला तेव्हा त्या मागच्या अंगणात जाऊन एकट्या उभ्या राहिल्या. वर्ष फिरलं. पेंटर आला, पुन्हा पाच चांदण्या.

त्यावर पालिकेनं बाईंचा गौरव केला. वरच्या बालवाडीला कुणी टिकत नव्हतं, म्हणून ती बाईंच्याच देखरेखीखाली दिली. सकाळी खालची, नंतर चढ चढून वरची, पुन्हा खाली. ‘मुख्य बाई’ असं पद. बदलीच्या अर्जाचं कुणी नावही काढलं नाही. मुख्य बाईंची कुठे बदली होते?

ती बातमी कळली त्या संध्याकाळी बेकरीवाली पाव घेऊन वखारीच्या जिन्यानं धापा टाकत वर आली. यजमान आतल्या खोलीत आडवे झाले होते. बेकरीवाली दारातूनच म्हणाली, “बाई, बघितलंत? त्या वेळी आम्ही तुम्हाला वाचवलं नसतं तर आज हा दिवस दिसला असता का?”

बाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुला एक सांगायचंय. तो अर्ज माझा होता.”

“कुठला?”

“बदलीचा. मला कुणी हलवत नव्हतं. मीच मागितली होती. यांचे डोळे चालले होते. मला तिकडे जायचं होतं. इतकी वर्षं मागत होते, एकदाची मिळाली होती. आणि तुम्ही सगळ्या पोरं घेऊन गेलात.”

बेकरीवालीच्या हातातला पाव तसाच राहिला. तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. तिचा तो पहाडी आवाज कुठल्या कुठे गेला.

“तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमची तोंडं बघून नाही बोलवलं.”

खाली करवत थांबली. मग बेकरीवाली हळूहळू बोलायला लागली, जणू स्वतःलाच विचारत होती.

“चुकलं आमचं. पण बाई, खरं सांगू? तुम्ही आधीच हे सांगितलं असतं ना, तरी मी रडले असते, तुमच्या पाया पडले असते, आणि तरी गेले असते पालिकेत. माझी पोरगी तेव्हा अडीच वर्षांची. मी भट्टीपाशी पहाटेपासून. वरच्या बालवाडीत घेत नव्हते, शाळेत घेत नव्हते. तिला कुठे ठेवली असती मी? भट्टीच्या तोंडाशी? आम्हाला तुमच्याशिवाय दुसरं काही दिलंच नाही ना कुणी.”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागवायचं त्यांनी ठरवलं होतं, किती दिवस मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पण ही बोलत होती त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. एकीला जाता येत नव्हतं आणि दुसरीला जाऊ देता येत नव्हतं, भांडायचं कुणाशी?

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर आजवर बोलले नाही.”

आतून यजमानांचा आवाज आला, “कोण आलंय?”

“बेकरीतली आहे,” बाईंनी सांगितलं.

“मग पाव आणला असेल. वास येतोय.”

बेकरीवालीनं डोळे पुसले, उठली आणि आत जाऊन त्यांच्या हातात पाव ठेवला. म्हणाली, “काका, उद्यापासून माझे सासरे येतील सकाळी. त्यांनाही कुणी बोलायला नाही. तुम्हाला बेकरीपर्यंत घेऊन येतील, तिथं बसा, दुपारी परत सोडतील.” ते म्हणाले, “जिना फार वाईट आहे गं.” ती म्हणाली, “ते पण जिन्याला घाबरतात. दोघं मिळून घाबरा.”

सासरे आले, दुसऱ्या दिवशीही, त्याच्या पुढेही. महिनाभरात यजमानांच्या पायांना वखार ते बेकरी एवढी वाट पाठ झाली. त्याच्या पलीकडची झाली नाही. बंदराच्या घराबद्दल ते कधी बोलत नाहीत. फक्त सोबत्याचा फोन आला की वाफ्यांना पाणी घालतोस ना, एवढं विचारतात. बाई सकाळी खाली, मग वर, मग पुन्हा खाली अशा तीन चकरा करतात. चढावर दम लागतो तेव्हा पालिकेच्या कठड्याला टेकून उभ्या राहतात. येणारेजाणारे म्हणतात, “काय मुख्य बाई, बरं आहे ना?” त्या म्हणतात, “बरं आहे,” आणि पुढे चालायला लागतात, कारण वर पोरं दार उघडायची वाट बघत असतात.